चौपन्न किलोची स्प्रिंग

रीता सिस्टरच्या सायकलचा मागचा शॉक बसला आणि त्याच आठवड्यापासून आपण थकायला लागलो, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. एकदा ठरवून टाकलं की बरं असतं, रोज उठून कारण शोधावं लागत नाही. चढावर दम लागला, शॉक. उतारावर कंबर धरली, शॉक. संध्याकाळी घरी येऊन चपला न काढताच ती खाटेवर आडवी झाली आणि नवऱ्यानं काय झालं म्हणून विचारलं, की उत्तर तयार असायचं. गाडीचा शॉक बसला, हाडं खिळखिळी झाली, दुसरं काय होणार.

आता मागच्या चाकाला शॉक असलेली सायकल एटापल्ली तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या नर्सबाईकडे आली कुठून, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल थापा मारून राह्यला. तीन वर्षांपूर्वी तिथल्या आरोग्य केंद्रात पुण्याकडचा एक तरुण डॉक्टर आला होता, सक्तीच्या नोकरीच्या सरकारी बॉन्डवर. गडी चांगला होता, पण त्याला रानावनातून सायकल हाणायचा नाद. त्याची ती माउंटन बाइक जाड टायरांची, पुढं शॉक, मागं शॉक. बॉन्ड संपला तेव्हा सामान बांधता बांधता तो रीताला म्हणाला, सिस्टर, ही तुम्ही ठेवा, पुण्यात हिला चालवायला दगड कुठे आहेत. रीताला आधी वाटलं, पोरगा चेष्टा करतोय.

पण त्यानं विचार करूनच दिली होती. उपकेंद्रापासून रेंगाटोला, म्हणजे डोंगरापलीकडची वाडी, नऊ किलोमीटर. वाटेत दोन नाले, एक डोंगर, आणि डोंगरावर नुसते दगड. जीप जात नाही, स्कूटी जात नाही. रीता महिन्यातून चार वेळा तिथं पायी जायची, खांद्यावर लसीचा डबा, पाठीवर पिशवी. अडतिसाव्या वर्षी ती या सायकलवर बसायला शिकली. पहिल्याच दिवशी नाल्यात पडली, टोल्यातली पोरं पोट धरून हसली आणि तीही चिखलात बसल्या बसल्या हसली. दोन महिन्यांत मात्र ती अशी सराईत झाली की मागचं चाक दगडावरून उडालं तरी हँडल सुटत नव्हतं. शॉक सगळा हादरा पोटात घ्यायचा, बाई टेचात पुढं जायची.

दिवाळीनंतरच्या पहिल्या फेरीत त्या शॉकनं जीव सोडला. आतली हवा फुस्स करून गेली, तेल बाहेर आलं आणि सायकलचा मागचा भाग म्हाताऱ्या बैलासारखा बसला. पंक्चरवाल्या वारलूनं आपल्या मशीननं हवा भरून पाहिली. त्यात लागतो तेवढा दाब त्याच्या मशीनकडे नव्हताच, आणि जी थोडी शिरली ती सीलमधून तेलाचे बुडबुडे काढत परत आली. वारलू म्हणाला, बाई, हे माझ्या बसची बात नाई. तशाच बसक्या गाडीवर रीतानं पुढचा दीड महिना काढला. खोकला झाला होता, त्याचं कारण रस्त्याची धूळ. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, त्याचं कारण उन्हातून येणं. थकवा तर शॉकचाच. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे एकेक खुंटी होती, आली गोष्ट की टांगून मोकळी.

नवा शॉक शोधायचं काम प्रफुलनं अंगावर घेतलं. प्रफुल उंदीरवाडे म्हणजे तिचा नवरा, त्याच गावातल्या आश्रमशाळेत गणित शिकवतो. गणिताच्या माणसाच्या हातात असं काम गेलं की संपलंच. गावात मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली येते. शाळा सुटली की हा माणूस वही घेऊन टाकीखाली जाऊन बसे आणि जगभरचे शॉक पाहत राही. वहीत त्यानं रकाने पाडले. लांबी, चाल, वजन, कोण काय म्हणतं. रीता एकदा वैतागून म्हणाली की मला बघायला आले होते तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणून मोकळे झाले, आणि या लोखंडाला तीन आठवडे. त्यावर तो म्हणाला, तेव्हा माप जुळवायचं नव्हतं.

माप जुळवायला लागतं हे खरंच होतं. कुठलाही शॉक कुठल्याही सायकलला बसत नाही. जुना शॉक सोडवून त्यानं कंपासातल्या पट्टीनं तो पाचदा मोजला. एका टोकाच्या छिद्रापासून दुसऱ्या टोकाच्या छिद्रापर्यंत एकशे नव्वद मिलिमीटर, आणि दांडा आत किती जातो ती चाल एक्कावन्न. यात इकडचं तिकडं झालं तर चाक फ्रेमला घासतं. हे आकडे घेऊन त्यानं चंद्रपूरला गुणवंतरावांना फोन लावला.

गुणवंतराव जटपुरा गेटाकडे चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करत आलेले. आता डोळे अधू झालेत, पण महागड्या सायकलींचा नाद त्यांना म्हातारपणी लागला आणि मोहर्लीच्या जंगल रिसॉर्टांतल्या सायकली त्यांच्याकडेच येतात. त्या रिसॉर्टांतल्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचा, हुबेहूब त्याच मापाचा शॉक त्यांच्याकडे होता. एक नाही, दोन होते. एक हवेवरचा, एक स्प्रिंगचा. आणि इथं नवरा-बायकोचं वाजलं.

प्रफुलला हवेचा पाहिजे होता. हलका असतो, हवा कमी-जास्त करता येते, वहीत त्याला सगळीकडे चांगले शेरे होते. रीता म्हणाली, हवेनं एकदा दगा दिला तेवढा पुरे. गुणवंतरावांनी फोनवर दोघांचं ऐकून घेतलं आणि मग आपलं सांगितलं.

"हवेचा शॉक मऊ मनाचा रायते, बाई. हवा भरा, हवा सोडा, जो बसन त्याच्यासारखा होते. पन त्याचा पंप येगळा लागते, अन् सील गेलं का तुमी जंगलात बसल्या. स्प्रिंगचं तसं नाई. सील गेलं तरी घरापर्यंत आणून सोडते. पन स्प्रिंग एकाच वजनाची रायते. तिले खरं वजन सांगा लागते, अंदाजपंचे चालत नाई. किती वजन तुमचं?"

"चौपन्न," रीता म्हणाली. तिला विचारसुद्धा करावा लागला नाही.

"अन् सामान?"

लसीचा डबा बर्फासकट आणि पिशवी मिळून सहा किलो. म्हणजे साठ. गुणवंतराव म्हणाले, साठ किलोच्या हिशेबानं स्प्रिंग काढतो, माझ्या टेबलावर दाबून पाहतो आणि मगच पाठवतो. प्रफुलनं वहीतली हवेच्या शॉकची तीन पानं मुकाट्यानं मिटली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एसटीनं पार्सल आलं. कंडक्टरनं ते खाली उतरवताना विचारलं, सिस्टर, बाँब आहे का काय, एवढं जड. त्या दिवशी रीताला खरंच आनंद झाला होता. खूप दिवसांनी काहीतरी संपणार होतं. प्रफुल अंगणात मांडी घालून बोल्ट आवळत होता, काळी स्प्रिंग उन्हात चमकत होती आणि ती शेजारी पाटावर बसून पाने हातात देत होती. मधेच तिला इतकी झोप आली की तिनं भिंतीला डोकं टेकलं. उद्यापासून हे बंद, असं तिच्या मनात आलं. उद्यापासून आपण आधीसारख्या.

दुसऱ्या दिवशी रेंगाटोल्याचं लसीकरण होतं. पहिल्या नाल्यापर्यंत तिला काही कळलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी दगड सुरू झाले आणि नवा शॉक दबेचना. दगड लागला की मागचं चाक तिला वर उडवायचं, खाली येईपर्यंत दुसरा दगड. जुना बसलेला शॉक आपटत होता, हा फेकत होता. अर्ध्या चढावर तिनं सायकल थांबवली, उतरली आणि मोहाच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. ते खोकल्याचं होतं हे खरं, पण थोडं रडूही होतं. एवढा शोधून आणलेला शॉक बसवला आणि थकवा तसाच्या तसा अंगात, उलट वाढलेला. उरलेली वाट ती सायकल ढकलत गेली.

टोल्यावर सोमारी मडावी वाट पाहत होती. ही तिथली आशा सेविका, रीतानंच शिकवून तयार केलेली. रजिस्टरं लिहिते, पोरांना गोळा करते, आणि मनात आलेलं तोंडावर बोलते. तिनं सायकल हातातून घेतली, रीताकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाली, बाई, तुमचं घड्याळ कोपरापर्यंत चढते. रीता म्हणाली पट्टा सैल झालाय. सोमारी आणखी काही बोलणार होती, पण तेवढ्यात पोरं रडायला लागली आणि काम सुरू झालं. एकोणीस पोरं होती. रीताची सवय अशी की सुई टोचली की पोराला छातीशी घेऊन थोपटायचं, रडं थांबेपर्यंत. त्या दिवशीही तिनं एकोणीस पोरं थोपटली.

घरी आल्यावर मात्र तिचा पारा चढला. म्हाताऱ्यानं भलतीच स्प्रिंग गळ्यात मारली, ट्रॅक्टरची असेल, असं ती प्रफुलला म्हणाली. फोन लावा म्हणाली. प्रफुलनं लावला आणि स्पीकरवर टाकला. रीतानं टाकीखाली उभं राहून त्या बिचाऱ्या माणसाला जे सुनावलं ते सगळं इथं सांगत नाही. गुणवंतरावांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की बाई, भांडण नंतर करू, आधी मोजून घेऊ. गाडी रिकामी धरा आणि शॉकची दोन छिद्रं मोजा. मग सामान घेऊन बाई वर बसू द्या, पाय उचलू द्या, परत मोजा. जेवढं कमी भरेल तेवढा शॉक दबला. साठ किलोला सोळा मिलिमीटर दबायला पाहिजे.

अंगणात तो सोहळा झाला. रीता डबा-पिशवीसकट सायकलवर बसली, वारलूनं हँडल धरलं, प्रफुल गुडघ्यावर बसून पट्टी लावत होता. बारा आले. पुन्हा बसली, पुन्हा बारा. तिसऱ्यांदा प्रफुलनं पट्टी बदलली. बाराच.

प्रफुलनं टाकीखाली जाऊन आकडा कळवला. फोनच्या पलीकडे गुणवंतराव आकडे पुटपुटले. त्यांचं तोंडी गणित चालू असावं.

"सर, स्प्रिंग मी सोता दाबून पाह्यली हाये," ते म्हणाले. "स्प्रिंग बरोबर हाये. तुमी जेवढं वजन सांगितलं न, त्यातलं चौथाई गाडीवर बसलंच नाई."

प्रफुल गणिताचा माणूस. साठचे चौथाई पंधरा. तो टाकीखालून घरी आला तेव्हा हातातली वही उघडी होती आणि त्याला ती मिटायचं सुचत नव्हतं. रीतानं विचारलं काय म्हणाला म्हातारा. त्यानं सांगितलं. ती म्हणाली, येडा झालाय तो. पण हे ती खाटेवर पडून, डोळे मिटून म्हणाली, आणि प्रफुल बराच वेळ तिच्या मनगटाकडे पाहत उभा राहिला. रोज समोर असलेलं माणूस आपल्याला दिसत नाही, याची त्याला लाज वाटली. सकाळी आधी काट्यावर उभी राहा, एवढंच तो म्हणाला.

सकाळी उपकेंद्र उघडलं. मंगळवार होता, आशांची बैठक. त्या यायला अवकाश होता. रीतानं झाडून घेतलं, टेबल पुसलं, लसीच्या फ्रिजचं तापमान लिहिलं, आणि मग कोपऱ्यातला काटा पुढं ओढून त्यावर उभी राहिली. एक्केचाळीस.

ती खाली उतरली. काटा बिघडला. दर महिन्याला काटा तपासायची तिची एक पद्धत आहे. दहा लिटरचा कॅन पाण्यानं भरायचा आणि काट्यावर ठेवायचा. तिनं कॅन भरला. तो काट्यापर्यंत नेताना तिला दोनदा खाली टेकवावा लागला. काटा दहाच्या किंचित पुढं जाऊन थांबला, कॅनच्या वजनाएवढाच पुढं. काट्यात काही दोष नव्हता. ती पुन्हा चढली. एक्केचाळीस. गरोदर बायांचं वजन घेताना साडी-दागिन्यांचा एक किलो वजा करायची तिला सवय, तो तिनं आपोआप वजा केला. चाळीस.

मग हे चौपन्न आलं कुठून? तिनं कपाटातून फाइल काढली. दर वर्षी कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी होते आणि उपकेंद्राचे सगळे फॉर्म तीच भरते. आरोग्यसेवकाला काट्यावर उभं करते, शिपायाला करते, चारही आशांना एकेक करून करते. कोणाचं अर्धा किलो कमी झालं तरी त्याला फैलावर घेते. शेवटचा फॉर्म स्वतःचा. तोवर दुपार झालेली असते, जेवण राहिलेलं असतं आणि मागच्या वर्षीचा कागद समोर असतोच. उंची तीच, रक्तगट तोच, वजन तेच. या वर्षी चौपन्न, मागल्या वर्षी चौपन्न, त्याच्या मागल्या वर्षी चौपन्न. आणि त्याच्या आधीच्या फॉर्मवर चौपन्न हा आकडा त्या सायकलवाल्या डॉक्टरच्या अक्षरात होता. त्यानं तिला धरून काट्यावर चढवलं होतं. त्यानंतर तिला कोणी चढवलं नव्हतं, आणि स्वतः ती कधी चढली नव्हती. साऱ्या पंचक्रोशीचं वजन माहीत असलेली बाई, आणि हिचं हिला माहीत नाही. आता काय बोलावं.

ती फाइल मांडीवर घेऊन बसली असताना सोमारी आली. नेहमीसारखी सगळ्यांत आधी. तिनं रीताकडे पाहिलं, उघड्या फाइलकडे पाहिलं, काट्याजवळच्या भरलेल्या कॅनकडे पाहिलं. तिनं आपल्या पिशवीतून डिसेंबरातल्या मोहिमेचं रजिस्टर काढलं, टीबीच्या तपासणीचं, जे घेऊन त्या दोघी घरोघरी फिरल्या होत्या. तीनशे बारा माणसांना रीतानं तेच चार प्रश्न विचारले होते, आणि कसे विचारायचे, आवाज कसा ठेवायचा, हे सोमारीला शिकवलं होतं. सोमारीनं नवं पान उघडलं, वर नाव लिहिलं आणि शिकवल्यासारखाच आवाज ठेवला.

"बाई, खोकला किती दिवसाचा हाये?"

रीतानं खिडकीकडे पाहिलं. "दिवाळीपासून."

"ताप येते?"

"सांजच्याला."

"घाम?"

"येते. उशी ओली होते."

"वजन घटलं?"

रीतानं नुसती मान हलवली. सोमारीनं चारही रकान्यांत खूण केली, रजिस्टर मिटलं आणि मग तिच्या शेजारी बाकावर येऊन बसली. बाहेर बाकीच्या आशा आल्या तेव्हा सोमारी उठली आणि बैठक तिनंच घेतली.

थुंकीच्या डब्या कशा द्यायच्या, पहाटेचा नमुना का लागतो, हे रीताला कोणी सांगायची गरज नव्हती. ग्रामीण रुग्णालयातल्या मशीननं दोन दिवसांत सांगितलं. टीबी निघाला. औषध लागू पडेल असा निघाला, एवढी मेहेरबानी. सहा महिन्यांचा कोर्स. गोळ्या वजनावर ठरतात, पन्नासच्या वर चार आणि खाली तीन, हेही तिला पाठ होतं. औषधवाल्या पोरीनं विचारलं वजन किती, तेव्हा रीता म्हणाली चाळीस, आणि तो आकडा सांगताना कोणाची तरी चुगली करत असल्यासारखं तिला वाटलं.

स्वतःची तिला फारशी भीती वाटली नाही. भीती वाटली ती त्या पोरांची. दिवाळीपासून जेवढी पोरं तिनं छातीशी धरून थोपटली होती, ती एकेक तिच्या डोळ्यांपुढं येत राहिली. तोंडाला फडकं बांधून, ओसरीत एकटी बसून तिनं यादी केली. रेंगाटोल्याची एकोणीस, खालच्या टोल्याची अकरा, बाळंतिणी सात, आणि प्रफुल. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, घर कितवं. यादी लिहिताना ती रडली, आणि रडताना खोकली, आणि मग कागद कोरडा करून पुन्हा लिहायला लागली. सोमारीनं ती यादी घेऊन आरोग्य केंद्राच्या माणसांना घरोघर फिरवलं. एकाही घरानं दार लावलं नाही. नर्सबाई आजारी आहे म्हटल्यावर टोल्यातून अंडी आली, मध आला आणि एका म्हातारीनं निरोप पाठवला की खात जा म्हणावं, आम्हाला सांगते तेवढं तरी. लहान पोरांना खबरदारीच्या गोळ्या सुरू झाल्या. आजार अजून कोणात निघाला नव्हता. प्रत्येक नाव मोकळं झालं की सोमारी निरोप पाठवायची आणि रीता आपल्या यादीच्या नकलेवर एक रेघ मारायची.

गुणवंतरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचा फोन पंधरा दिवसांनी आला. म्हाताऱ्याच्या जिवाला ती स्प्रिंग लागून राहिली होती. रीता तोंडाला मास्क लावून टाकीखालच्या दगडावर बसली होती. रुग्णालयाच्या डॉक्टरनं सकाळच्या उन्हात बसायला सांगितलं होतं, आणि ऊन तिथंच चांगलं येतं. प्रफुलनं फोन स्पीकरवर टाकून तिच्यासमोर धरला. गुणवंतराव म्हणाले, हलकी स्प्रिंग काढून ठेवली आहे, उद्याच्या गाडीनं पाठवतो, ती जुनी परत पाठवा. फक्त या खेपेस काट्यावर उभं राहून वजन सांगा.

"चौपन्नच लिहा, भाऊ," रीता म्हणाली.

पलीकडून गुणवंतराव म्हणाले, "बाई, तेच लिहून तर फसलो न आपन."

"नाई फसलो. मले टीबी निघाला. चाळीस किलोची झाली होती, अन् मलेच माहीत नव्हतं. तुमच्या स्प्रिंगनं सांगितलं." तिला दम लागला, ती थांबली. "हलकी नका पाठवू. हे स्प्रिंग बरोबर हाये. मीच मागं राह्यली, मी येईन तिथवर."

गुणवंतराव त्यावर बोलले ते सायकलबद्दलच बोलले. गाडी सहा महिने उभी राहणार असेल तर चाकांतली हवा निम्मी सोडा, टांगून ठेवा, शॉकच्या दांड्यावर तेलाचं बोट फिरवत जा, वगैरे. फोन ठेवताना मात्र गोळ्या चुकवू नका, पोरी, असं ते म्हणाले. इतका वेळ बाई म्हणत होते.

प्रफुल तिथंच वही घेऊन बसला. त्याला एक गोष्ट सारखी खात होती, ती त्यानं तिला त्या दिवशी सांगितली. त्याचं ऐकून हवेचा शॉक घेतला असता तर गाडी कडक लागल्यावर त्यानं काय केलं असतं? पंप लावून थोडी हवा सोडली असती. गाडी मऊ झाली असती आणि रीता तशीच डोंगर चढत राहिली असती. रीता म्हणाली, सोडा आता, त्या तीन पानांवर पोरांना बेरजा करायला द्या.

सायकल ओसरीत आढ्याला टांगली गेली. रेंगाटोल्याला शेजारच्या उपकेंद्राची सिस्टर पायी जाऊ लागली आणि जाताना वाटेवरून शिव्या घालू लागली. रीता दिवसाला तीन गोळ्या घेत होती, त्यांनी तोंडाची चव जात होती, लघवी शेंदरी होत होती आणि थकवा होताच. पण आता तो कशाचा आहे हे तिला माहीत होतं. अंडं खाववत नव्हतं तरी खात होती.

दोन महिने झाले त्या सकाळी तिनं प्रफुलला सायकल खाली काढायला सांगितली. उपकेंद्रात काटा होता, पण तिला तो नको होता. वारलूनं हँडल धरलं. तिनं डबा घेतला, पिशवी घेतली, सीटवर बसली आणि पाय उचलले. प्रफुल गुडघ्यावर बसला, पट्टी लावली, पुन्हा लावली आणि खालूनच आकडा सांगितला.

"तेरा."

"नीट पाह्यलं का?"

"नीट पाह्यलं. तेरा."

रीता तशीच बसून राहिली. वारलूचे हात अवघडले, तरी त्यानं हँडल सोडलं नाही. सोळाला अजून तीन बाकी होते.